शाळा समितीवर गेलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो म्हणे!

'पालकांनो, सावध व्हा!' असा मथळा, खाली मुद्द्यांची यादी आणि शेवटी 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा'. जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी शाळा व्यवस्थापन समिती निवडायची वेळ आली की हा मेसेज गावात फिरू लागतो. एरवी मी असलं काही दिसलं की पुसून टाकतो. या वेळी मात्र तो वहिनीपर्यंत पोचला, आणि पालक सभेत सुचवलेलं आपलं नाव तिने मागे घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, "भाऊजी, उद्या माझ्या सहीपायी घरच्या जमिनीवर बोजा चढला तर कोण निस्तरणार?"

तेव्हा आधी तोच मुद्दा घेतो. मेसेज म्हणतो की शाळेत पैशांचा घोळ झाला किंवा एखाद्या मुलाला इजा झाली, तर समितीच्या सदस्यांकडून वसुली होते आणि थेट सातबाऱ्यावर बोजा चढतो. कुठल्या कायद्याने? ते लिहिलेलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाहीच. ज्या कायद्याने ही समिती जन्माला आली, त्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३७ उघडा. या कायद्यानुसार सद्भावनेने केलेल्या किंवा करू पाहिलेल्या कामाबद्दल दावा किंवा दुसरी कुठलीही कायदेशीर कारवाई करता येत नाही, असं ते कलम सांगतं. हे संरक्षण ज्यांना आहे त्यांच्या यादीत केंद्र सरकार, राज्य सरकार, बाल हक्क आयोग आणि स्थानिक प्राधिकरणाच्या बरोबरीने शाळा व्यवस्थापन समितीचं नाव चक्क लिहिलेलं आहे. सदस्याची जमीन जप्त करायची तरतूद या कायद्यात पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत शोधा, सापडणार नाही.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करतो की 'सद्भावनेने' या अटीला वजन आहे. न आलेल्या सामानाच्या बिलावर कोणी जाणूनबुजून सही ठोकली, तर कलम ३७ त्याच्या मदतीला धावणार नाही. आणि आपल्याकडे चालतं काय, तर सभा कागदावर होते, प्रोसिडिंगचं रजिस्टर घरोघर फिरतं, बाई भाकऱ्या थापत असताना "इथं सही करा ताई" म्हणून पुढे केलं जातं. काही घरांत तर तिच्या नावाची सही नवराच करतो. भीती वाटायचीच असेल तर अशा सहीची वाटू द्या. वाचल्याशिवाय सही नाही आणि सभेला गेल्याशिवाय हजेरी नाही, एवढं पाळणाऱ्या बाईच्या सातबाऱ्याला कोणी हात लावत नाही.

दुसरा मुद्दा म्हणे, 'समितीला कसलेच अधिकार नाहीत.' पहिल्या मुद्द्यात जमीन जाईल इतकी जबाबदारी, दुसऱ्यात अधिकार शून्य! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचायचा होता. कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, आलेलं अनुदान कशावर खर्च झालं ते पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं ही कामं कायद्याने समितीची आहेत. केंद्राच्या 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षण योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान फार मोठं नसतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, असे केंद्राचे दर आहेत. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायला हवेत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल, तर हे दहा टक्के कुठे गेले असं सभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

खरी ताकद आहे ती आराखड्यात, आणि मेसेजने त्याला 'मुख्याध्यापकांचं कागदकाम' म्हणून एका ओळीत उडवून लावलंय. कलम २२ म्हणतं की समितीचा आराखडा हाच सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार असेल. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तो तीन वर्षांचा आहे. इयत्तावार पट किती राहील, शिक्षक किती वाढवावे लागतील, खोल्या आणि सोयी काय हव्यात, जादा पैसा किती लागेल, हे सगळं त्यात मांडायचं असतं. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ झाले की तिसरा, असं कायद्याची अनुसूची सांगते. वाडीवरची किती पोरं येत्या जूनला पहिलीत येणार, हे तालुक्याच्या ऑफिसपेक्षा आयांना जास्त ठाऊक असतं. तो आकडा आराखड्यात गेलाच नाही, तर तिसऱ्या शिक्षकाची मागणी कशाच्या जोरावर करणार? मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, शाळेला कुंपण किंवा भिंत, हेही त्याच अनुसूचीत आहे. मागितलं म्हणजे लगेच मिळतं असं मी म्हणत नाही. पण मागच्या आराखड्यावर नुसती तारीख बदलून तो पुढे ढकलला, तर न मिळाल्याची तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

बाकीचे मुद्दे झटपट उरकतो. 'शिकलेलेच सदस्य होऊ शकतात' हे खोटं आहे, तशी अट कायद्यात नाही. 'अध्यक्ष मुख्याध्यापक नेमतात' हेही खोटं. मुख्याध्यापक सचिव असतात आणि अध्यक्ष पालक सदस्यांमधून निवडायचा असतो. आता, सरपंचांच्या मर्जीतलाच माणूस अध्यक्ष होतो असं म्हणाल, तर बऱ्याच गावांत होतो. बाकीचे पालक सभेला जात नाहीत, मग दुसरं काय होणार? 'ठराव करून शिक्षकाची बदली करता येते' असंही ठोकून दिलंय. बदल्या जिल्हा परिषद करते. समितीला फार तर गैरहजेरीची नोंद करून ती वर कळवता येते.

शेवटचा मुद्दा वाचून तर कपाळावर हात मारला. 'चांगल्या इंग्रजी शाळांत ही समिती का नसते, विचार करा!' केला विचार. कलम २१ मधून विनाअनुदानित खासगी शाळा वगळलेल्या आहेत, म्हणून नसते. फी भरणाऱ्या पालकाला तिथे या कलमाखाली शाळेच्या खर्चाचा हिशोब मागता येत नाही. वहिनीला तो मागता येतो, आणि वाडीवरच्या शाळेत तर फीसुद्धा नाही.