आधी वाक्य कुठे संपतं ते शिकवा

ठाणे स्टेशनच्या बाहेर पडलं की इंग्लिश स्पीकिंगच्या पाट्या दिसतात. फाडफाड बोला, उच्चार सुधारा, मुलाखतीची तयारी करा. चांगलंच आहे. पण लिहिताना वाक्य कुठे संपवायचं हे कुणी बसवून शिकवत नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं असं माझं ठाम मत आहे.

मी रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅच बघते. हाताखाली कळवा, दिघा, ऐरोलीची मुलं-मुली आहेत. हुशार आहेत, स्पेलिंग पक्कं आहे. पण मेल उघडली की पहिल्या शब्दापासून 'रिगार्ड्स'पर्यंत एक टिंब सापडत नाही. मागे एका गिऱ्हाइकाला असं गेलं: 'वी विल डिस्पॅच द ऑर्डर ऑन मंडे द ऑफिस इज क्लोज्ड'. आता सोमवारी माल निघणार, की सोमवारी ऑफिस बंद? 'मंडे'नंतर टिंब दिलं तर एक अर्थ, 'ऑर्डर'नंतर दिलं तर नेमका उलटा. त्या माणसाने सोमवारी माल उतरवायला हमाल बोलावून ठेवले होते.

यात मुलांचा आळस नाही, हे आधी समजून घ्या. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं. 'ऑर्डर सोमवारी पाठवू ऑफिस बंद आहे' असं सलग लिहिलं तरी 'पाठवू'पाशी वाक्य मिटलं हे आपल्याला कळतं. मोडीतली जुनी पत्रं तर शब्दही न तोडता लिहिलेली असत, आणि त्यावर अख्खा कारभार चालला. विरामचिन्हं आपल्याकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या वळणाने. मराठी शब्दकोशाचं काम केलेले इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा. इंग्रजीत मात्र क्रियापद मध्येच येऊन जातं आणि त्यामागून काय, कुठे, केव्हा हे सगळं लागत राहतं. पुढचा शब्द याच वाक्यातला की नव्या वाक्यातला, हे टिंबाशिवाय ठरत नाही. आपल्या मुलांना हा फरक एकदा तरी फळ्यावर दाखवायला हवा.

दुसरी खोड स्वल्पविरामाची. 'द मशीन इज नॉट वर्किंग, प्लीज सेंड द टेक्निशियन.' ही दोन पूर्ण वाक्यं आहेत. मध्ये पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर 'सो' घालून जोडा. नुसत्या स्वल्पविरामाने भागत नाही. प्रश्नचिन्हाचंही तसंच. 'व्हेन विल द टेम्पो कम?' हा प्रश्न. 'ही आस्क्ड व्हेन द टेम्पो वुड कम.' ही नुसती माहिती, तिथे पूर्णविरामच. चिन्हाआधी जागा सोडायची नाही, नंतर एकच सोडायची. दोन सोडायची सवय टाइपरायटरच्या काळातली आहे. आणि कृपा करून तीन-तीन उद्गारचिन्हं देऊ नका, ऑफिसच्या मेलला तर एकही लागत नाही.

तरुण मुलं म्हणतात, मॅडम, टिंब दिलं की समोरच्याला राग आल्यासारखं वाटतं. चॅटपुरतं ते खरं आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये हे तपासलं होतं. मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तराला टिंब असेल तर ते लोकांना कमी मनापासूनचं वाटलं. पण तेच उत्तर हाताने चिठ्ठीवर लिहिलेलं दाखवलं, तेव्हा असा फरक दिसला नाही. म्हणजे व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला टिंब देऊ नका, चालेल. कोटेशनमध्ये आणि नोकरीच्या अर्जात द्यायलाच हवं.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना माझी विनंती आहे. धड्यातला एक उतारा घ्या, त्यातली सगळी टिंबं आणि कॅपिटल अक्षरं काढून टाका आणि मुलांना तो मोठ्याने वाचत तोडायला सांगा. आमच्या ऑफिसात मी हेच करून घेते, आणि मेल सुधारलेल्या मला दिसतात.

तुमच्या घरात कुणी इंग्रजीत नोकरीचा अर्ज लिहीत असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. नाव-नंबर काढून पाठवा. कुठे तोडायचं ते खुणा करून परत देईन, रविवारी मला वेळ असतो.