अर्धे घ्या आणि मिटवून टाका

आज भरीत पार्टी होती. शाळेची बॅच, मित्राचं शेत, पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या. मस्त चाललं होतं. जेवता जेवता एकाने विषय काढला, "अगं, त्या डाळमिलवाल्यावरची केस तूच लढतेयस ना? आपल्या ओळखीतला आहे तो. दहा हजार द्यायला तयार आहे. बाईला घ्यायला लाव आणि मिटवून टाक. किती ताणशील?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ज्यांच्या शेतात बसलो होतो त्यांचा मान राखून मी तिथे काही बोलले नाही. आता घरी आलेय. आता बोलते.

त्या बाईचे, म्हणजे मावशींचे, तीन महिन्यांचे एकवीस हजार रुपये बाकी आहेत. ते कर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, देणगी तर नाहीच. तो तिचा पगार आहे. डाळ निवडली, झाडलोट केली, तुसाच्या धुळीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहिली, त्याचे पैसे. त्यातले अर्धे तिने सोडायचे आणि त्याला तडजोड म्हणायचं? मालक यात काय सोडतोय, कुणीतरी मला सांगा. तिच्याच पैशातले निम्मे तो ठेवून घेणार, निम्मे तिला देणार, आणि वर 'समजूतदार माणूस' म्हणून मिरवणार.

मावशी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एकच पुरावा होता. मुलीची शाळेची वही. मागच्या पानांवर मुलीने तारखा मांडलेल्या, आई किती वाजता गेली, किती वाजता आली. काही ठिकाणी नुसतं 'रात्री'. हजेरी कार्ड नाही, पगारपत्रक नाही, काही नाही. काम ठेकेदारामार्फत होतं. एक दिवस ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं आणि मालक म्हणाला, ही माझी माणसं नाहीत, ठेकेदाराची आहेत.

या एका वाक्याचा मला मनापासून संताप येतो. गोणी तुझ्या, गेट तुझं, डाळ तुझी, फक्त बाई ठेकेदाराची? ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. पन्नास वर्षं उलटून गेली. तरी प्रत्येक केसमध्ये तेच उत्तर, तोच चेहरा, जसं काही आजच शोधून काढलंय.

पार्टीत आणखी एक जण म्हणाला, पूर्वी आपल्याकडे सालदारकी होती, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमजुरी, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, हिशोब व्हायचा, सगळं तोंडी, कधी कोर्ट लागलं का? भाऊ, कुणाला लागलं नाही? आपल्याला लागलं नाही, कारण आपण हिशोब करणाऱ्या बाजूला होतो. उचल किती, खाडे किती, बाकी किती, हे मालकच सांगायचा. शहाद्याला आदिवासींचे नेते अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, १९७२ ला मजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, ती काय सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं म्हणून? सालदार आणि शेतमजुरांच्या मजुरीसाठी सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल, पावरा लोक रस्त्यावर आले, ते आपल्याच भागात. तेव्हाही शहाणी माणसं त्यांना मिटवून घ्या असंच सांगत असणार.

हो, लहान मालकाचंही पेमेंट अडकतं. व्यापारी उधारी थकवतात, मला माहीत आहे. पण त्या महिन्यांत बँकेचा हप्ता गेला, विजेचं बिल गेलं, हमालांचे पैसेही गेले, कारण हमाल दुसऱ्या दिवशी गाडी भरायला आले नसते. थांबवलं कुणाला? जी काही करू शकणार नाही असं वाटलं तिला.

आणि मग मालकाने हजेरीपट दाखल केला. त्यात तीनही महिन्यांच्या पगारासमोर मावशींची सही. वळणदार, सुवाच्य, आडनावासकट. मावशी अंगठा लावतात. बँकेत अंगठा, रेशनवर अंगठा, माझ्या वकीलपत्रावर अंगठा. तो कागद मी हातात धरला तेव्हा आधी शब्दच फुटेना. पैसे बुडवले ते बुडवले, वर तिच्या नावाने पोचही तयार केली. अशा माणसाला 'आपल्या ओळखीतला' म्हणता तुम्ही.

दर ३१ जुलैला बाबासाहेबांच्या आठवणीसाठी आपल्यातले कितीतरी जण धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगल्यावर जातात, फोटो टाकतात. बाबासाहेब १९३७ साली धुळ्याला आले होते ते वकील म्हणून, कोर्टाच्या कामासाठी. पुढे मजूर मंत्री म्हणून किमान वेतनाचं विधेयक त्यांनीच १९४६ ला मांडलं, त्याचा १९४८ ला कायदा झाला. १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारीच. मग काहीच न देणं म्हणजे काय?

जरा शांत होऊन लिहिते. ज्याने विषय काढला तो वाईट माणूस नाही. कोविडमध्ये त्याने स्वतःच्या खिशातून धान्य वाटलं, मी पाहिलंय. त्याच्या दुकानात चार पोरं आहेत, त्यांचा पगार सात तारखेच्या आत होतो. त्याला खरंच वाटतं की बाईची फरफट थांबावी. फरफट होतेच. प्रत्येक तारखेला मावशींची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि कधी समोरचे वकील मुदत मागतात, कधी साहेब रजेवर. ते खरं आहे. पण ही फरफट करतंय कोण? मुदतीमागून मुदत घेऊन माणसाला थकवायचं आणि थकला की दयाळूपणे अर्धे पुढे करायचे, हाच तर धंदा आहे.

दहा हजारांचा निरोप मी मावशींना सांगितला होता. सांगावाच लागतो, निर्णय त्यांचा. व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काब्र सोडू ताई? मना कष्टना पैसा शे तो." का सोडू, माझ्या कष्टाचा पैसा आहे तो. माझ्यापुरता विषय तिथे संपला.

आता कामाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन वेतन संहिता लागू झाली आहे. नव्या कामगार संहितांवर माझे पुष्कळ आक्षेप आहेत, ते पुन्हा कधी. पण यातल्या तीन गोष्टी मिलमधल्या ताईंपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगा. पगाराच्या दाव्याला आता तीन वर्षांची मुदत आहे, आधी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने होते. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कागद नसला तरी पाठवा. वही चालते, मोबाईलमधला गेटवरचा फोटो चालतो, सोबतच्या बाईची साक्ष चालते.

आणि मित्रा, तू हे वाचशील, मला माहीत आहे. त्याच्याशी तुझं बोलणं आहे ना, मग एवढा निरोप पोचव. पूर्ण एकवीस हजार, रोख नको, थेट मावशींच्या बँक खात्यावर. ज्या दिवशी जमा होतील, त्या दिवशी मी स्वतः पुरसिस, म्हणजे केस मिटल्याचं लेखी निवेदन, लिहून देते.