लोडॅश उचलून फेकण्याआधी

कोल्हापुरातल्या डेव्हलपरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या लोडॅशबद्दल, म्हणजे जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत तयार फंक्शनं पुरवणाऱ्या लायब्ररीबद्दल, एक मेसेज फिरतोय. ‘लोडॅश संपलं. जावास्क्रिप्टमध्ये आता सगळं आयतं मिळतं. शिवाय ते जड आणि असुरक्षित. आजच प्रोजेक्टमधून काढा, अर्ध्या तासाचं काम आहे.’ नुकती नोकरीला लागलेली पोरं हे वाचून चालत्या सॉफ्टवेअरमध्ये हात घालतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘सगळं आयतं मिळतं.’ बरंच मिळतं, हे खरं. २०१२ मध्ये लोडॅश अंडरस्कोर या जुन्या लायब्ररीतून वेगळं झालं, तेव्हा फाइंड (यादीत शोधणं), फ्लॅट (यादीतल्या याद्या सपाट करणं), ऑप्शनल चेनिंग (मधली किंमत नसली तरी न कोसळता आत वाचणं) यातलं काहीच भाषेत नव्हतं. आज आहे, आणि नव्या कोडमध्ये तेच वापरावं. पण डिबाउन्स (लागोपाठ येणारे कॉल थोपवून शेवटचाच चालवणं) अजूनही भाषेत नाही. दोन ऑब्जेक्ट आतपर्यंत सारखे आहेत का, हे सांगणारं फंक्शनही नाही. ‘डिबाउन्स पाच ओळींत होतं’ म्हणतात. होतं, पण स्क्रीन बंद झाल्यावर अडकलेला कॉल रद्द करणं, थांबलेला कॉल लगेच सोडणं, थांबण्याला कमाल मर्यादा घालणं हे त्या पाच ओळींत येत नाही. लोडॅशमध्ये ते आहे.

आणि भाषेत आलेलं सगळं गिऱ्हाइकाच्या मशीनवर पोचलेलं नसतं. आपल्या जिल्ह्यात सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांत चालतं. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल, तर क्रोम १०९ वर अडकलेलं असतं. यादीची क्रमवार प्रत देणारं ‘टूसॉर्टेड’ क्रोम ११० मध्ये आलं, नोंदींचे गट पाडणारं ‘ऑब्जेक्ट ग्रुपबाय’ ११७ मध्ये. दहा दिवसांचं बिल काढताना नोंदी सभासदवार लावायला तुम्ही नवं ग्रुपबाय वापरलंत, की त्या मशीनवर बिल तिथंच अडकणार. लोडॅशचं ग्रुपबाय तिथं बिनतक्रार चालतं. पॉलिफिल (जुन्या ब्राउझरला नवं फंक्शन पुरवणारा कोड) घालता येतं, मान्य. पण मग बाहेरचा कोड आलाच की.

‘अर्ध्या तासाचं काम.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. सकाळच्या संकलनात एका सभासदाचं दूध घेतलं, पण फॅट काढायची राहिली, म्हणून त्या रकान्यात नल (‘किंमत नाही’ची खूण) ठेवलंय. आतली किंमत काढून देणाऱ्या लोडॅशच्या ‘गेट’ला पर्यायी किंमत शून्य दिली, तरी ती फक्त अनडिफाइन्डला (काहीच ठेवलेलं नसेल तर) लागू होते, नल असेल तर नलच परत येतं आणि ‘फॅट बाकी’ असं दाखवता येतं. त्याजागी ऑप्शनल चेनिंग आणि दोन प्रश्नचिन्हं (किंमत नसेल तर पर्यायी किंमत देणारं भाषेतलं चिन्ह) टाकलीत, की नलचंही शून्य होतं. एरर नाही, इशारा नाही, आणि शून्य फॅटवर दर लागून शेतकऱ्याचं बिल कमी निघतं. उलट बाजूही आहे: यादीतल्या प्रत्येक नोंदीवर काम करणारा लोडॅशचा ‘मॅप’ नल मिळालं तर रिकामी यादी देतो, साधा मॅप तिथं कोसळतो. अशी प्रत्येक जागा वाचून, टेस्ट लिहून बदलावी लागते. ज्या प्रोजेक्टला टेस्टच नाहीत, तिथं हे काम कितीचं आहे ते ज्याचं त्यानं ठरवावं.

‘जड.’ पूर्ण लोडॅश जिझिपनं दाबून लहान केल्यावर साधारण २४ केबी. लागतं तेवढंच फंक्शन इम्पोर्ट केलंत किंवा लोडॅश-ईएस (त्याचीच मॉड्यूलवार आवृत्ती) घेतलंत तर तेवढंही जात नाही. एका डिबाउन्ससाठी अख्खं लोडॅश ओढत असाल तर दोष तुमच्या इम्पोर्टच्या ओळीचा.

‘असुरक्षित.’ २०१९ मध्ये लोडॅशच्या ‘डिफॉल्ट्सडीप’ फंक्शनमध्ये प्रोटोटाइप पोल्यूशनची (बाहेरच्या डेटानं सगळ्या ऑब्जेक्टांचा मूळ साचा बिघडवता येण्याची) त्रुटी सापडली, ती ४.१७.१२ मध्ये दुरुस्त झाली. त्यानंतरही दुरुस्त्या आल्यात, त्यामुळे आवृत्ती ताजी ठेवा, हे मी ठासून सांगेन. पण लोडॅश काढून ऑब्जेक्ट एकत्र करणारं जे मर्ज फंक्शन तुम्ही हातानं लिहिता, त्यात प्रत्येक ‘की’ (नोंदीचं नाव) तपासली नाही तर तेच भोक राहतं, आणि ते एनपीएम ऑडिटला (लायब्ररींतल्या ज्ञात त्रुटी शोधणाऱ्या साधनाला) दिसत नाही.