"दोन मिनिटांत टाईट करून देतो" म्हणे!

ज्योतिबाच्या चढावर गाडी उभी करायची, हँडब्रेकची दांडी खांदा निखळेल इतकी वर ओढायची, पायाखालचा ब्रेक सोडला की गाडी आपली निवांत मागं निघाली. ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की उत्तर ठरलेलं. "काय न्हाय ओ मालक, दोन मिनिटांत टाईट करून देतो." दोन सीटच्या मधलं प्लास्टिक उचकटायचं, दांडीच्या बुडाचा केबल ताणायचा नट १० च्या पान्यानं चार आटे फिरवायचा, दांडी ओढून दाखवायची आणि वर "बघा, कसली कडक झाली!" पैसे घेतले, विषय संपला.

अरे भावा, गाडी लायनर धरतो. आणि लायनर, म्हणजे ब्रेकच्या कमानदार शूवर चिकटवलेला घासणारा थर, मागच्या ड्रममध्ये, चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यात असतो. तो ड्रम उघडायचा सोडून दांडीशी कसली मारामारी करता?

दांडी वर का चढत जाते, हे एकदा नीट समजून घ्या. ड्रममधल्या दोन शूंच्या मध्ये आडवी पट्टी असते, तिच्यावर दात्यांचा ॲडजस्टर असतो. लायनर झिजला की हा ॲडजस्टर आपोआप एकेक दाता पुढं सरकतो आणि शू ड्रमच्या जवळ ठेवतो. पण त्यासाठी हँडब्रेक सोडल्यावर शूवरचा छोटा लिव्हर पूर्ण मागं, आपल्या जागेवर जायला लागतो. केबल नको तेवढी ताणली की तो लिव्हर कायम अर्धवट ओढलेला राहतो, ॲडजस्टर काम सोडतो. लायनर झिजतच असतो, गॅप वाढतच असते, दांडी पुन्हा वर. पुन्हा गॅरेज, पुन्हा चार आटे. असं करत करत एक दिवस नटाचे आटेच संपतात. मग "केबल लांबली, नवीन टाकूया". अरे, केबल बिचारी काय करणार?

दुसरा प्रकार याहून वाईट. केबल इतकी ताणायची की दांडी खाली असतानाही शू ड्रमला घासतायत. ड्रम तापतो, लायनर भाजून गुळगुळीत चकचकीत होतो, ॲव्हरेज पडतं. आणि असा भाजलेला लायनर ड्रमवर नुसता सरकतो. म्हणजे धरण्यासाठी जे टाईट केलं, त्यानंच पकड घालवली.

या पकडीवर भार किती येतो, त्याचा साधा हिशोब बघा. १२०० किलोची गाडी १०० फुटांना १२ फूट चढावर उभी असली तर तिला खाली ओढणारा जोर साधारण १४० किलोचा. चार माणसं आणि सामान धरून १५०० किलो झाली की १८०. हे सगळं मागच्या दोन चाकांनी पेलायचं. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमात तर भरलेली कार २० टक्के चढावर आणि उतारावरही थांबली पाहिजे, आणि त्यासाठी दांडीला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे अंदाजे ४० किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, असं आहे. तेव्हा "हँडब्रेक असाच असतो, साधा" हे ज्ञान पाजळू नका. तो असा नसतो. तुम्ही तसा केलाय.

काम करायचंच तर क्रम उलटा आहे. पुढच्या चाकांना ठोकळे, मागची दोन्ही चाकं जॅकवर नेऊन स्टँडवर, दांडी पूर्ण खाली. आधी केबलचा नट ढिला करायचा. होय, ढिला! मग ड्रम काढायचा. बऱ्याच ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट दोन्हीकडं सारखे आवळत गेलं की ड्रम स्वतःहून बाहेर येतो. हातोडीनं काठ फोडायची गरज नसते. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ती थेट फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानं नाहीतर ब्रेक क्लीनरनं काढा.

आता बघायचं. लायनर १ मिलिमीटरवर आला असेल तर शू बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम. व्हील सिलिंडरचं, म्हणजे पाय दाबला की शूंना बाहेर ढकलणाऱ्या भागाचं, रबर उचलून आत ओल आहे का पाहा. ऑईलनं भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवणाऱ्यांना तर काय म्हणावं! लायनर सच्छिद्र असतो, ऑईल आत मुरलेलं असतं, गरम झाला की परत बाहेर येतं. सिलिंडर आणि शू दोन्ही बदलायचे.

ॲडजस्टरची आणखी एक गंमत. बऱ्याच गाड्यांत डावा आणि उजवा वेगळा असतो, आटे उलटे. घाईत अदलाबदल झाली की दर वेळी गॅप कमी व्हायच्या ऐवजी ॲडजस्टर आखडत जातो. मग मालक बोंबलतोय, मेकॅनिक नट पिळतोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रम लेथवर आतून कातून मिळतो, काम झकास असतं, पण ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो तो वाचायचा. त्याच्या पुढं गेलेला ड्रम भंगारात. मापात असला तरी मोठ्या झालेल्या ड्रमला नवा शू सुरुवातीला फक्त मधोमध टेकतो, पूर्ण बसायला काही शे किलोमीटर जातात.

सगळं साफ करून, ड्रम हातानं फिरवल्यावर हलकंसं घासेल इतपत ॲडजस्टर उघडायचा. इंजिन चालू करून पायातला ब्रेक वीस-तीस वेळा दाबायचा. आणि मग, सगळ्यात शेवटी, तो लाडका नट! दांडी तीन-चार वेळा जोरात ओढून केबल बसू द्यायची, नंतर मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढ्या कटांवर, म्हणजे दांडी ओढताना होणाऱ्या कट-कट आवाजांवर, आणायची. बऱ्याच गाड्यांना हे पाच ते आठच्या आसपास असतात. दांडी खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, वर असताना दोन्ही सारखी जाम. हे दोन मिनिटांत होत नाही. त्याचे वेगळे पैसे घ्या की, कोण नाही म्हणतंय?

पावसाचं वेगळंच. गगनबावड्याकडचा पाऊस खाल्लेल्या गाडीत केबलच्या आवरणात पाणी शिरतं, आत गंज धरतो, केबल ओढली जाते पण परत येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या ड्रममध्ये तर गाळ गेलेला. तसली गाडी वरून धुऊन, पॉलिश मारून विकायची, आणि घेणाऱ्यानं घाटात देवाचं नाव घ्यायचं! पीयूसी वेळच्या वेळी तपासतात, पण खासगी गाडीची फिटनेस तपासणी १५ वर्षांनी. तोवर हँडब्रेककडं कोण बघणार?

मागं ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असलेल्यांनी फार खूश होऊ नये. करूळ घाट उतरून तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक लावून चहाला गेलात की डिस्क निवताना आकसते, पकड सैल होते आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी एकटीच निघते. ड्रममध्ये उलट, तो निवताना शूवर आवळतो. इलेक्ट्रॉनिकवाल्यांत काही गाड्या थोड्या वेळानं स्वतः पुन्हा आवळतात. दांडीवाल्यांनी निघण्याआधी एक-दोन कट जास्त ओढायचे.

मालक लोकही कमी नाहीत. "मी हँडब्रेक लावतच नाही, गिअरमध्ये टाकतो" हे अभिमानानं सांगतात. न वापरलेला लिव्हर ड्रममध्येच जाम होतो, आणि गिअरवर उभी गाडी इंजिनच्या कॉम्प्रेशनवर लटकते, एकेक झटका खात सरकते. दोन्ही लावा: आधी हँडब्रेक, न्यूट्रलमध्ये पाय सोडून भार त्याच्यावर येऊ द्या, मग तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकला हाच क्रम, पी शेवटी. चाकं अशी वळवा की सुटलीच तर गाडी डोंगराकडं जाईल, दरीकडं नाही. आणि चाकाखाली दगड लावलाच असेल तर निघताना उचलून बाजूला टाका. पन्हाळ्याच्या वळणावर रात्री तुमच्या त्या दगडावर दुचाकीवाला आदळतो.