खारी दोन सेकंदच बुडवायची

रविवारी लेकीला जवळजवळ दटावून ‘इट हॅपन्ड वन नाइट’ बघायला बसवलं. फ्रँक काप्राचा १९३४चा कृष्णधवल सिनेमा. पहिली दहा मिनिटं बाईसाहेब मोबाइलमध्येच होत्या. मग बसमध्ये क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर यांची सीटवरून जुंपली आणि मोबाइल उपडा झाला.

गोष्ट ओळखीचीच. कोट्यधीश बापाची एली मायामीला बोटीवरून पाण्यात उडी टाकून पळते आणि न्यूयॉर्कची रात्रीची बस धरते. शेजारी येऊन बसतो नोकरी गेलेला पत्रकार पीटर. (‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है के मानता नहीं’ इथूनच उचललेत.)

मला दरवेळी खिळवून ठेवतो तो मुक्कामाच्या खोलीतला प्रसंग. बापाचे हेर दारात आलेत. पीटर एलीचे केस विस्कटतो आणि तिच्यावर खेकसायला लागतो. ती क्षणभर बावचळते, मग प्लंबरची पोर होऊन गळा काढते. हेर कानकोंडे होऊन निघून जातात, हे दोघं खोखो हसतात. प्रेमाचा एक शब्द नाही, पण आपलं जमतंय हे दोघांनाही तिथेच कळतं. हिंदीत अशा ठिकाणी गाणं येतं. ‘चोरी चोरी’ची गाणी मला तोंडपाठ आहेत, तरी सांगते, गाण्यानं ही शब्दांची चकमक थांबते.

दुसरी गोष्ट भूक. मंदीचा काळ आहे आणि सिनेमा ते विसरू देत नाही. बसमध्ये एक बाई उपाशीपोटी चक्कर येऊन पडते, तिचा मुलगा रडतो, आणि होते-नव्हते ते पैसे एली त्याच्या हातात ठेवते. पैसे पीटरचे, बरं का! पुढे बाप पीटरला १० हजार डॉलरच्या बक्षिसाबद्दल विचारतो, तर हा फक्त ३९ डॉलर ६० सेंटचा हिशेब मांडतो, पेट्रोलपायी गेलेल्या टोपी-कोटासकट. या हिशेबाइतकी रोमँटिक गोष्ट मी अख्ख्या सिनेमात दुसरी पाहिली नाही.

आता खुपणारं. त्याच भेटीत पीटर बापाला सांगतो की हिला रोज एक ठेवून देणारा माणूस हवा. सुरुवातीला बापानंही तिला थोबाडीत मारलेलीच असते. लेक ताडकन म्हणाली, “आई, हा हिरो आहे?” कॉलेजात असताना याच वाक्याला सगळ्या हॉलबरोबर मीही हसले होते. परवा नाही हसू आलं. ‘तेव्हा असंच होतं’ म्हणून सोडून द्यावं, तर त्याच सिनेमात गाडी थांबवायची वेळ येते तेव्हा साहेबांचे अंगठ्याचे तीनही प्रकार फुकट जातात, आणि ही स्कर्ट जरासा वर करून पहिलीच गाडी थांबवते. हे लिहिणाऱ्यांना बाईची अक्कल कळत होती की!

पाच मोठी ऑस्कर मिळाली, वगैरे मी सांगत होते. तिचं लक्ष नव्हतं. डोनट कॉफीत किती वेळ बुडवायचा याचे पीटर एलीला धडे देतो, ते तिनं मागे नेऊन पुन्हा लावलं होतं.

सकाळी माझी खारी चहात विरघळून तळाशी गेली. पलीकडून आवाज आला, “दोन सेकंद, आई!”