मेंढपाळाच्या झोपडीतला प्रणयरम्य मुक्काम: इच्छुक दांपत्यांसाठी काही सूचना

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी दांपत्याच्या लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीत येत असेल, तर त्यांनी डोर्सेट किंवा विल्टशरच्या एखाद्या शेतात उभी असलेली मेंढपाळाची झोपडी अवश्य भाड्याने घ्यावी. ओतीव लोखंडाची चार चाके, नालीदार पत्र्याचे कमानदार छप्पर, वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा उघडणारे दार, कोपऱ्यात इवलीशी शेगडी, खिडकीशी सुकवलेले लव्हेंडर आणि छायाचित्राच्या कडेला मानधन घेऊन उभी असावी अशी एक स्वच्छ मेंढी, एवढे सगळे रात्रीला अवघ्या १६० पौंडांत मिळते. आम्ही हे सुख नुकतेच उपभोगले असल्यामुळे इतरांनी त्याला मुकू नये, एवढाच या सूचनांमागचा हेतू आहे.

जाण्यापूर्वी थोडा इतिहास वाचावा, कारण भाड्यातला मोठा वाटा त्याचाच असतो. चाकांवरच्या अशा खोलीचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवर ती सर्रास दिसे. दिवसा टेकडीवर चरलेली मेंढरे रात्री हलत्या कुडांच्या आवारात शेतावर बसवली जात, त्यांच्या लेंड्यांवर तिथली हलकी जमीन पीक देई, आणि मेंढ्या व्यायला लागल्या की मेंढपाळ आठवडेच्या आठवडे त्या खोलीत काढी. त्याच्या फळीवजा बिछान्याखाली अशक्त कोकरासाठी पिंजरा असे आणि भिंतीवर औषधांचे कपाट. आपल्याकडे फलटणच्या बाजूचे काही धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, घोड्यावर बिऱ्हाड लादतात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात अशीच मेंढरे बसवतात. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, मुक्कामासाठी कोणी आगाऊ पैसे भरल्याचे मात्र ऐकिवात नाही. त्यांच्या पालाला चाके नसतात, हे कारण असेल. इंग्लंडात रासायनिक खत आले, मेंढ्या बसवण्याची गरज सरली आणि झोपड्या बांधाला गंजत पडल्या. पुढे, ब्रेक्झिटच्या सार्वमताचा निकाल लागल्यावर पंतप्रधानपदावरून पायउतार झालेल्या डेव्हिड कॅमेरन यांनी २०१७ साली आत्मचरित्र लिहिण्यासाठी २५,००० पौंडांची नवी झोपडी आपल्या बागेत आणून ठेवली, आणि ही वस्तू कोणाच्या अंगणात शोभते याविषयीचा उरलासुरला संशयही फिटला.

झोपडी जागची तसूभरही हलत नसली तरी चाकांना हसू नये. हलवता येण्याजोगी असल्यामुळे ती कॅराव्हॅनच्या तळांविषयीच्या १९६० च्या कायद्याच्या लेखी सहसा कॅराव्हॅन, म्हणजे ओढून न्यायची फिरती खोली, ठरते, घर ठरत नाही.

कुलपाचा क्रमांक दुपारी चार वाजता ईमेलने येतो आणि त्या वेळी आपण जेथे चिखलात उभे असता तेथे नेटवर्क नसते. जाहिरातीत यालाच ‘जगापासून दूर’ असे म्हटलेले असते. तेव्हा तक्रारीला जागा नाही.

झोपेविषयी एक नाजूक बाब सांगणे भाग आहे. खोलीची रुंदी जेमतेम सात फूट असते आणि पलंग त्या रुंदीत आडवा बसवलेला असतो. त्यामुळे दोघांपैकी एकाला पत्र्याच्या भिंतीला चिकटून निजावे लागते, आणि मध्यरात्री परसाकडला जायचे झाल्यास दुसऱ्याच्या अंगावरून गुडघे टेकत उतरावे लागते. प्रणयाचा उल्लेख माहितीपत्रकात बहुधा याच संदर्भात आलेला असावा. संडास पन्नास पावलांवर असतो, त्यात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा असतो, आणि पाऊस असतोच.

आकाशदर्शन चुकवू नये: याच भागातला क्रॅनबोर्न चेसचा परिसर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेला काळोखा प्रदेश, आहे आणि फेब्रुवारीत ढगांच्या वरच्या बाजूने ते आकाश फार सुंदर दिसते असे ऐकतो.

बाहेरच्या लाकडी हौदातले गरम पाणी हे मुक्कामाचे मुख्य आकर्षण होय. ते गरम नसते. ते आपण गरम करायचे असते. आजीच्या घरी पहाटे बंब पेटवायला जितका धूर डोळ्यांत जाई तितकाच येथेही जातो, फरक एवढाच की बंब अर्ध्या तासात तापे आणि हा हौद तापायला तीन-चार तास लागतात. लाकडांची पहिली टोपली मोफत असते आणि तिच्याने पाण्याचा गारठा मोडतो. लाकडांची पुढची जाळीदार पिशवी दहा पौंडांना मिळते.

आता स्वयंपाकाविषयी. झोपडीत दोन बर्नरचा छोटा गॅस असतो आणि यजमानीणबाई स्वागताच्या टोपलीत बेकन, सॉसेज व अंडी ठेवतात, जेणेकरून पाहुण्यांनी सकाळी ते तळून ‘ग्रामीण न्याहारी’चा आनंद घ्यावा. त्या टोपलीतले आम्हाला चालण्याजोगे फारसे नसल्यामुळे आम्ही बरोबर नेलेल्या डाळ-तांदळाचा वरण-भात केला आणि वरणाला मोहरी-हिंगाची फोडणी दिली. दारावर टांगलेल्या प्लॅस्टिकबंद नियमावलीत याविषयी एक अक्षर नव्हते. मी ती दोनदा वाचली आहे, कारण संध्याकाळी तेथे वाचायला दुसरे काहीच नव्हते. घरी परतल्यावर कळले की आमच्या अनामत रकमेतून ६० पौंड कापून घेतले आहेत, आणि कारण दिले आहे ‘मसालेदार वास घालवण्यासाठी विशेष स्वच्छता’. वास! ज्या खोलीत वीस पौंड जादा भरून ओला कुत्रा पलंगावर झोपवता येतो, जिच्या शेगडीचा धूर पडद्यांत इतका मुरलेला आहे की आमचे गरम कपडे दोन वेळा धुवूनही तो गेला नाही, जिच्यात रोज सकाळी डुकराची चरबी तळली जाते आणि जिच्यात शंभर वर्षांपूर्वी म्हणे व्यालेल्या मेंढ्यांची कोकरे, तंबाखू आणि घामट लोकर एकत्र नांदत होती, त्या खोलीला चिमूटभर हिंगाने विटाळ झाला? धुराच्या वासाला जाहिरातीत ‘उबदार दरवळ’ म्हणायचे आणि आमच्या फोडणीला दंड लावायचा, हा कोणत्या गावचा न्याय आहे?

आणि स्वच्छता कोणी केली, तेही ऐकावे. ‘स्वच्छता शुल्क’ म्हणून ३५ पौंड आरक्षणाच्या वेळीच घेतलेले असतात. तरीही निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत चादरी काढून पिशवीत भरायच्या, भांडी घासायची, शेगडीतली राख थंड करून बादलीत काढायची, हौद रिकामा करायचा, भुशाचे झाकण नीट लावायचे आणि कचरा स्वतःच्या गाडीतून घरी न्यायचा, अशी यादी त्याच दारावर असते. हे सगळे आम्ही निमूटपणे केले. मग ते ३५ पौंड कशाचे होते?

कुंपणापलीकडच्या शेतात त्या वेळी खरा मेंढपाळ काम करत होता. प्लॅस्टिकच्या चिखलाळलेल्या विजारीत, चारचाकी दुचाकीसारख्या त्या क्वाड बाइकवर दुधाच्या भुकटीची पोती लादून तो दिवसभर गोठ्याकडे ये-जा करी. ब्रिटनमध्ये आज लोकरीच्या पैशांतून बहुतेकांना कातरणीची मजुरीही सुटत नाही. त्याच्या धंद्याला जे मिळत नाही ते त्याच्या नावाने उभ्या केलेल्या पत्र्याच्या डब्याला रात्रीकाठी मिळते, आणि त्यातला छदामही त्याच्याकडे जाताना मला दिसला नाही.

तेव्हा यजमानीणबाई, आता सूचना पुरे झाल्या. तुम्ही झोपडी भाड्याने देत नाही. तुम्ही गैरसोय विकता, ती साफ करायला विकत घेणाऱ्यालाच लावता आणि वर त्याच्या जेवणाला नाक मुरडता. हे चालते, कारण आमच्यासारखे लोक थंडीने कुडकुडत परत येतात आणि चारचौघांत हसू होऊ नये म्हणून ‘अविस्मरणीय अनुभव’ असे लिहून पाच तारे देतात. ते यापुढे बंद करा, मंडळी. लाज वाटायला हवी ती पैसे घेणाऱ्याला, देणाऱ्याला नव्हे. मी एकच तारा दिला आहे आणि कारणही सविस्तर लिहिले आहे. आमचे ६० पौंड परत करा, आणि ते होईपर्यंत दारावरच्या त्या यादीत स्वच्छ अक्षरांत लिहा की येथे कुत्रा चालेल, बेकन चालेल, पण वरण चालणार नाही.