पॅड ठणठणीत आहे, अपडेटच भिकार आहे

काल रात्री गेमचं अपडेट आलं. सोबतच्या नोंदीत लिहिलंय, ‘कंट्रोलर सपोर्ट सुधारला’. डोंबल सुधारला! कालपर्यंत माझं जुनं यूएसबी गेमपॅड एक्स३६०सीईच्या जिवावर मस्त चालत होतं; हा एमुलेटर जुन्या पॅडच्या जागी गेमला कळणारं एक्सबॉक्सचं आभासी पॅड उभं करतो. आता गेम एमुलेटरने बनवलेलं आभासी पॅडही वाचतो आणि खरं पॅडही. मेनूत खाली एकदा दाबलं की दोन ओळी खाली. खालचं ३ नंबरचं बटण दाबलं की गडी उडीही मारतो आणि त्याच क्षणी बंदूकही भरायला घेतो, कारण आभासी पॅडचं ते ‘ए’ आणि खऱ्या पॅडचं ते गेमच्या मते ‘एक्स’. शत्रू समोर उभा आणि हा हवेत गोळ्या भरतोय. उजव्या स्टिकला हात लावला की कॅमेरा थेट आभाळात.

मग खरं पॅड गेमपासून लपवणारं हिडहाइड टाका, पीसी रीस्टार्ट करा, खरं पॅड लपवा, एक्स३६०सीईला परवानगीच्या यादीत घाला, नाहीतर त्यालाही पॅड दिसत नाही. अर्धी रात्र यातच गेली. खेळलो कुठे?

आणि जुन्या पद्धतीचा छळ काय कमी होता? एक्सइनपुट म्हणजे गेमने पॅड वाचायची मायक्रोसॉफ्टची पद्धत; एमुलेटरची एक्सइनपुट१_३ नावाची डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरात टाकावी तर गेमला हवी १_४. ती मिळाली तर ३२ बिटची, गेम ६४ बिटचा. दोन्ही जमलं की अँटीव्हायरस ती फाइल गिळून बसणार.

एक्सइनपुट २००५ साली एक्सबॉक्स ३६० सोबत आलं. ठीक आहे, यावं. पण त्याआधीच्या पीसी गेममध्ये ‘हव्या त्या क्रियेसाठी हवं ते बटण दाबा’ असं साधं पान असायचं, ते का काढलं? तेवढं एक पान असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. कोट्यवधींच्या कंपन्यांनी सोडलेलं काम काही हौशी प्रोग्रॅमर फुकट करतात. हे आभासी पॅड ज्या व्हिजेमबस नावाच्या ड्रायव्हरवर उभं आहे, तो प्रकल्पही २०२३ मध्ये थांबला. उद्या एखाद्या विंडोज अपडेटने तो ड्रायव्हर बंद पडला तर काय करायचं?

आणि ‘नवीन पॅड घे ना’ म्हणणाऱ्यांनी तर माझ्या वाटेला जाऊच नये. कंट्रोल पॅनेलात बाराच्या बारा बटणं पेटतात, दोन्ही स्टिक बरोबर मधोमध येऊन थांबतात. असलं धडधाकट पॅड मी कचऱ्यात का टाकू?